दोरी कोणी तोडली?

मासा दोरी तोडून गेला की हातात फक्त एक टोक उरतं. बहुतेक जण चिडून ते कापून टाकतात आणि नवी गरी बांधायला घेतात. तेच टोक आधी उजेडाला धरून पाहावं. स्प्रिंगसारखं वळलेलं असेल तर गाठ सुटली. मासा निर्दोष, बांधणारा दोषी. बारीक होत गेलेलं असेल तर दोरीला झेपेना इतका ओढा तिच्यावर आला. टोकाच्या मागे वीतभर दोरी पांढुरकी, खरबरीत लागत असेल तर ती कशावर तरी घासली: खडक, पुलाचा खांब, कालवं, नाहीतर माशाचे ओठ. आणि टोक स्वच्छ, किंचित तिरकं छाटलेलं असेल, मागची दोरी अगदी नव्यासारखी असेल, तर ते काम दातांचं. मुख्य दोरी आणि गरी यांच्यामध्ये जो वीत-दोन वीत लांबीचा जाड किंवा कठीण तुकडा बांधतात, तो लीडर, या शेवटच्या गुन्हेगारासाठी असतो असा सर्वसाधारण समज आहे. दासगावच्या खाडीत तरी तो अर्धाच खरा आहे.

हा समज आला पाइकवरून. पाइक हा युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा. आपल्याकडे तो नाही. लांबट, चपटा जबडा, खालच्या जबड्याच्या कडेला मोठे सुळे, आणि टाळूवर मागे वळलेल्या बारीक दातांचे पट्टेच्या पट्टे. दातांची संख्या शेकड्यांत जाते. मागे वळलेले दात भक्ष्याला एकाच दिशेने जाऊ देतात, आत. गरी गिळलेल्या पाइकच्या तोंडात दोरी या सगळ्या पसाऱ्यावर आडवी पडते आणि त्याने डोकं एकदा झटकलं की संपली. म्हणून इंग्लंडात आयझॅक वॉल्टनचं मासेमारीवरचं पुस्तक १६५३ साली आलं तेव्हाही पाइकच्या गरीला तार लावायची हे गृहीतच होतं. पुढच्या साडेतीन शतकांत दातांना पुरून उरणारा लीडर या विषयावर जे काही लिहिलं, विकलं, भांडलं गेलं, ते बहुतेक पाइकवाल्यांनी. आज मुंबई-पुण्याच्या दुकानात टांगलेल्या पाकिटांवर, आणि त्याहून जास्त मोबाइलवरच्या व्हिडिओंत, त्यांचीच भाषा असते. ती ऐकून आपला हौशी गळवाला सावित्रीच्या काठी येतो आणि सरसकट प्रत्येक गरीला पोलादी तार बांधतो. मग दिवसभर काही लागत नाही आणि तो खाडीला नावं ठेवतो.

आता खाडी पाहू. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर ओलांडून महाडला येते. भरतीचं पाणी बाणकोटपासून वर चढत महाडपर्यंत पोचतं. दासगाव या दोन टोकांच्या मध्ये, नदीची खाडी होते तिथे. मुंबई-गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वे दोन्ही जवळून जातात, त्यामुळे गाडी बाजूला लावून रॉड काढणारे इथे दिसतात. पण पाण्यावरचा मूळ हक्क पाग आणि जाळी घेऊन उतरणाऱ्या भोयांचा. पावसाळ्यात इथलं पाणी गोडं आणि तांबडं. पाऊस सरला की खारेपणा हळूहळू वर सरकतो आणि उन्हाळ्यात पाणी चांगलंच मचूळ होतं. उधाणाला ओढ जोराची, भांगेला पाणी मंद. त्यामुळे एकाच जागी वर्षभरात गोड्या पाण्यातले, निमखाऱ्यातले आणि समुद्रातून वर आलेले, अशा तिन्ही घरांचे मासे भेटतात. आणि प्रत्येकाचं तोंड वेगळं.

लीडर निवडायचा म्हणजे खरं तर ही तोंडं वाचायची.

जिताड्यापासून सुरुवात करू, कारण रायगडात दुसऱ्या कुठल्या माशापासून केली तर लोक पुस्तक मिटतील. पेण-अलिबागकडे शेततळ्यांत वाढवून पाहुण्यांना, जावयांना मानाने खिलवतात तो हाच. निमखाऱ्या पाण्यात जितका रमतो तितकाच गोड्यात. त्याचं भलंमोठं तोंड पाहून वाटतं, आत सुळे असणार. बोट फिरवून पाहा: सुळा एकही नाही. असतात ते अगदी बारीक, दाट दात, हाताला नुसते खरखरीत लागतात. जिताडा चावत नाही. तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. दोरी तो कापत नाही, घासतो. कापायचं हत्यार त्याच्याकडे दुसरीकडे आहे. गालाच्या झाकणाची कड धारदार आणि काटेरी असते. त्याने पाण्याबाहेर उसळी मारून डोकं हलवलं आणि दोरी त्या कडेवरून ताणून गेली तर स्वच्छ छाटली जाते. ते टोक पाहून माणूस ‘दात’ म्हणतो आणि पुढच्या वेळी तार लावतो. जिताड्याला तार नको. चाळीस ते साठ पौंडांचं जाड तंगूस दोन हात लांब बांधलं की ओठही झाले आणि गालही झाले.

तांब, म्हणजे तांबोशी, हिला मात्र पुढे खरेखुरे सुळे असतात. तरी तिचा खरा डाव वेगळाच. आमिष तोंडात घेतल्याक्षणी ती खडकाकडे किंवा तिवरांच्या मुळांकडे धावते. खाली आंबेत-म्हाप्रळ पुलाच्या पुढे, बाणकोटच्या दिशेने खारं पाणी वर्षभर टिकतं तिथे दगडाला कालवं असतात, आणि कालवाच्या शिंपल्याची कड कुठल्याही दातापेक्षा निर्दय. इथेही जाडी कामाला येते. तार लावली तर सुळ्यांचं भय जातं, पण ताठ तारेमुळे जिवंत कोळंबी नीट पोहत नाही आणि तांबेला ते चटकन कळतं.

मरळीचं तिसरंच. भातखाचरांच्या कडेची डबकी, तळी, नदीचे संथ डोह इथली ही शिकारीण. दात तिला आहेत, बऱ्यापैकी टोकदार. पण ती शेवाळात आणि पाणवनस्पतींत बसते, लागली की त्यातच बुडी मारते. वेळ न देता ओढून काढावी लागते. इतक्या थोड्या वेळात जाड ब्रेडेड दोरी कापायला तिला सवडच मिळत नाही. लीडर न लावता मरळ मारणारे खूप आहेत आणि त्यांचं काही चुकत नाही.

आता खरे दातवाले. पहिली वाम. सापासारखं लांब अंग, पिवळसर झाक, टोकदार लांब थोबाड, आणि ते उघडलं की टाळूच्या मधोमध सुयांसारख्या उंच दातांची रांग. पाइकशी तुलना करायचीच असेल तर आपल्या खाड्यांत हिच्याशी करावी. वाम मुख्यतः रात्री, तळाशी खाते. गळाला लागली की सुसाट पळत नाही, जागच्या जागी गरगर फिरते. दोरी दातांवरून जाते, शिवाय पिळली जाते. तंगुसाचं काही चालत नाही. होडीत आल्यावरही ती शांत होत नाही, बोटाचा लचका तोडते. म्हणून जुने लोक आधी डोक्यावर दांडा घालतात, मग गरी काढतात.

दुसरा बाला, वाळवल्यावर जिच्या वाकट्या होतात त्याच जातीचा. चंदेरी, पट्टीसारखा. बाणकोटच्या तोंडाशी भेटतो, इतका वर क्वचितच येतो. त्याच्या पुढच्या सुळ्यांच्या टोकांना गरीसारखा उलटा काटा असतो, आणि बाजूच्या दातांना पात्यासारखी धार. बाहेर समुद्रात सुरमईही याच पंक्तीतली: तिचे दात चपटे, त्रिकोणी, दोन्ही जबड्यांचे एकमेकांत बसणारे. बाला आणि सुरमई दोघांनाही तार हवी, वाद नाही.

आणि तिसरा असा की त्याचं नाव गुन्हेगारांच्या यादीत कोणी घेतच नाही. केंड. तळहाताएवढा, पोट फुगवणारा, विषारी, कोणी न खाणारा. याचे दात वेगवेगळे राहत नाहीत. वर दोन, खाली दोन अशा चार पट्ट्या होऊन पक्ष्याच्या चोचीसारखं हत्यार बनतं. शंख-शिंपल्यांची कवचं फोडायला ते घडलेलं आहे. केंड दोरीला झटका देत नाही, आमिष कुरतडत येतो आणि वाटेत आलेली दोरी छाटून जातो. रॉडच्या टोकाला थरथर, मग काहीच नाही, आणि ओढून पाहावं तर गरी गेलेली. खाडीत ‘काहीतरी मोठं होतं, तोडून गेलं’ अशा ज्या गोष्टी रात्री सांगितल्या जातात, त्यातला बराच ऐवज केंडाच्या आणि चिंबोऱ्यांच्या खात्यावर घालायला माझी हरकत नाही. केंडावर तार हा उपाय नव्हे. तार लावून केंड पकडून करणार काय? दहा-वीस हात सरकून बसावं.

सगळ्यात मोठा अपवाद मात्र वर आहे. काळ नदी सावित्रीला मिळते. त्या काळ नदीवर, महाड तालुक्यातच वाळण कोंड आहे. वरदायिनीच्या देवळापाशी नदीच्या खडकात डोह, त्यात देवाचे म्हणून राखलेले मोठमोठे मासे. कुरमुरे टाकले की वर येतात. हे महाशीर, आपला खडस. कर्नल साइक्सने १८३९ साली या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. या माशाच्या जबड्यात एकही दात नाही. दात आहेत ते घशात, आणि तिथे तो खेकडे, गोगलगायी चुरून टाकतो. इंग्रज अमदानीतले शिकारी, हेन्री सलिव्हन थॉमसच्या ‘द रॉड इन इंडिया’ या १८७३च्या पुस्तकापासून पुढे, महाशीरने गरी चेचल्याच्या, वाकवल्याच्या तक्रारी करत आले. म्हणजे दोरी शाबूत आणि लोखंड मोडलेलं. तिथे प्रश्न लीडरचा नसून गरीच्या जाडीचा. अर्थात वाळण कोंडीत गरी टाकायचीच नसते, त्यामुळे तो प्रश्नही उरत नाही.

तोंडं वाचून झाली. आता दुकानात काय मिळतं ते पाहू.

तंगूस म्हणजे नायलॉनचा एकसंध धागा. नायलॉन अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्सच्या हाताखाली १९३५ साली तयार झालं. स्वस्त, मऊ, ताणलं की थोडं लांबतं, म्हणून झटका सोसतं. भिजलं की पाणी शोषतं आणि थोडं अशक्त होतं. दातापुढे मऊ. पण मऊपणावर जाडीचा उतारा आहे: व्यास दुप्पट केला की कापायचा ऐवज चौपट होतो. ०.३० मिलिमीटरच्या जागी ०.६० आणलं तर माशाला चौपट करवतकाम.

फ्लुरोकार्बन ही त्याची श्रीमंत बहीण. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ साली मासेमारीसाठी पहिली दोरी काढली, सीगार या नावाने. नायलॉनपेक्षा जड, म्हणून बुडते. पाणी शोषत नाही. पृष्ठभाग घासायला अधिक टणक. आणि तिची जाहिरात होते ती दिसत नाही म्हणून: पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा १.५३च्या आसपास. आकडे खरे आहेत. पण दासगावच्या खाडीत, जिथे हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसत नाहीत, तिथे या अदृश्यतेचे पैसे कोणाला मोजायचे? घासण्याविरुद्ध म्हणून घ्यायची तर घ्यावी. पाइकवाल्यांतला एक गट ऐंशी-शंभर पौंडांची फ्लुरोकार्बन तारेऐवजी वापरतो आणि दुसरा गट त्यांना शिव्या घालतो. माझं मत शिव्या घालणाऱ्यांकडे झुकतं. जाड फ्लुरोकार्बन दात सोसते, अडवत नाही. दहा मासे येतील आणि अकरावा नेमका मोठा असेल.

ब्रेडेड दोरी मुख्य दोरी म्हणून उत्तम, लीडर म्हणून सगळ्यात वाईट. ती पॉलिथिलीनच्याच एका अतिलांब साखळीच्या जातीची, डायनीमा नावाने प्रसिद्ध झालेली. वजनाच्या मानाने पोलादाहून कितीतरी मजबूत आणि पाण्यावर तरंगणारी. पण ती शेकडो केसाएवढ्या तंतूंची वेणी आहे, आणि दाताला एका वेळी एकच तंतू कापायचा असतो.

इथे पाकिटावरच्या आकड्याबद्दल बोलायला हवं. ‘पन्नास पौंड’ म्हणजे सरळ ओढल्यावर इतक्या वजनाला तुटेल. कापायला किती जड जाईल, याबद्दल तो आकडा चकार शब्द काढत नाही. पन्नास पौंडांची ब्रेडेड दोरी आणि पन्नास पौंडांची तार या दोन गोष्टींत वजन सोडून काही सारखं नाही. पटत नसेल तर घरीच करून पाहता येतं. लिटरची बाटली पाण्याने भरून दोरीने खिळ्याला टांगा आणि ताणलेल्या दोरीला दाढीचं ब्लेड हलकेच टेकवा. ब्रेडेड दोरी टेकताक्षणी जाते. तंगूस जराशाने. जाड फ्लुरोकार्बनमध्ये ब्लेड खाच पाडतं, ती खोल होत जाते आणि मग ती जाते. तारेवर ब्लेड घसरतं आणि त्याचीच धार जाते. मग बाटली काढून तीच ब्रेडेड दोरी सैल धरून कापून पाहा. बराच खटाटोप पडतो. ताण हाच दातांचा साथीदार. लागलेल्या दातवाल्या माशाला उगाच जोर लावून थांबवू नये, रिळाचा ड्रॅग थोडा सैल ठेवावा, तो यासाठी.

तारेतही निवड आहे. एकेरी तार सगळ्यात बारीक आणि दाताला सगळ्यात चिवट. पण एकदा मुरड पडली की तिथेच तुटते. वाम गरगर फिरते, तिच्यासमोर एकेरी तार म्हणजे मुरडीला आमंत्रण. सात पदरी तार, एका पदराभोवती सहा, अधिक लवचीक. एकोणपन्नास पदरी, म्हणजे साताचे सात, जवळजवळ सुतळीसारखी वळते आणि गाठही घेते. महाग, आणि तिचे पदर बारीक असल्यामुळे एकेक करून तुटतात. तुटलेला पदर बोटाला टोचतो. टोचला की तो लीडर कचऱ्यात. प्लास्टिकचं आवरण असलेली तार हाताळायला सोपी, पण दातांनी आवरण फाटलं की खारं पाणी आत शिरतं आणि गंज बाहेरून दिसत नाही. मोटरसायकलच्या ब्रेक केबलचा पदर काढून काम भागवता येतं, एखाद्या खेपेला; ती तार खाडीच्या पाण्यासाठी बनवलेली नसते.

टायटॅनियमच्या नावाने विकली जाणारी तार बहुतेक वेळा निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू असते. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलरने १९५९च्या सुमारास त्यावर काम सुरू केलं. दात सरळ करायला डॉक्टर जी तार बसवतात तिच्यातही हाच धातू असतो. कितीही वाकवा, सरळ होते. गंजत नाही, मुरडत नाही, वामेसाठी आदर्श. दोष एकच: थकते, पण थकल्याचं दाखवत नाही. पोलादी तार मुरडते, टोचते, डागाळते, आधी सांगते. ही चांगली दिसत असताना एक दिवस तुटते.

मग दासगावसाठी डब्यात काय ठेवावं? जाड तंगुसाचं एक रीळ, हे नव्वद टक्के काम करील असं म्हणण्याचा मोह होतो. टक्के सोडून देऊ, बहुतेक काम करील. रात्री वामेसाठी बसायचं असेल तर चाळीस ते साठ पौंडांच्या सात पदरी तारेचे हातभर लांबीचे तीन-चार तुकडे, दोन्ही टोकांना धातूच्या नळ्या दाबून बसवलेल्या, आणि वर चांगलं स्विव्हल. वाम फिरेल तेव्हा स्विव्हल फिरावं, दोरी पिळू नये. नळ्या साध्या पक्कडीने न चेपता त्यासाठीच्या पक्कडीने दाबाव्यात; साधी पक्कड नळीबरोबर तारही चेपते. आणि तारेचा एक स्वस्त पर्याय पाकिटांवर लिहिलेला नसतो: लांब दांड्याची गरी. बाल्यासारख्या माशाचे दात दोरीऐवजी दांड्यावर पडतात. लहान माशांना तेवढं पुरतं, आणि आमिषाची हालचालही मोकळी राहते.

तार का लावायची याचं एक कारण गळवाल्याच्या नुकसानीशी संबंधित नाही. दोरी तुटली तर माझी गरी गेली, तीस-चाळीस रुपयांची. माशाच्या घशात मात्र ती गरी आणि तिच्यामागे लोंबणारी दोरी राहते. सावित्रीत मगरी आहेत, महाडच्या आसपास त्या काठावर ऊन खाताना लोक नेहमी पाहतात. अशक्त होऊन वर तरंगणारा मासा त्यांच्याच तोंडी जाणार, गरीसकट. वामेच्या पाण्यात तंगुसावर नशीब आजमावणं म्हणूनच मला बरं वाटत नाही. गरी घेताना स्टेनलेस टाळावी, साध्या पोलादाची घ्यावी. तुटून राहिलीच तर ती मचूळ पाण्यात गंजून तरी जाते. मगरीचाच विषय निघाला म्हणून: काठावर अंधारात गुडघाभर पाण्यात उभं राहून मासा ओढू नये. मासा मागे सरकत कोरड्यावर आणावा, वाम असेल तर गरीला हात न लावता लांब पक्कडीने धरावी, आणि गरी फार खोल असेल तर तार तोंडाशी कापून मोकळं व्हावं. तार कापायला कटर लागतो. तो घरी विसरू नये, ब्लेडचा तिथे काही उपयोग नाही.